फटफटीचा थाट आणि मागच्या सीटचे मत

साठीला दोन वर्षे उरली असताना मी फटफटी घेतली. तीही साधीसुधी नव्हे, तर जिला हल्लीची मंडळी ‘क्रूझर’ म्हणतात ती. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरापुढे ती उभी राहिली तेव्हा शेजारचे काका ओट्यावरून उतरून आले, चष्मा पुसून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “अरे, ही फटफटी की आरामखुर्ची?” प्रश्न विनोदाचा होता खरा, पण त्याचे उत्तर शोधण्यात माझे वर्ष गेले.

ही जात मूळची अमेरिकेची. तिकडचे सरळ, लांबच लांब रस्ते डोळ्यांपुढे ठेवून ती घडली. बसण्याची जागा खाली, हँडल रुंद आणि स्वाराकडे ओढलेले, पाय पुढे पसरलेले आणि पुढचे चाक दूर फेकल्यासारखे. आपल्याकडे सामान्य माणसाच्या ऐपतीत ती आली ती 2001 साली, पुण्याच्या बजाज कंपनीने कावासाकीच्या साह्याने ‘एलिमिनेटर’ काढली तेव्हा. 2005 मध्ये तिचीच पुढची पिढी ‘अॅव्हेंजर’ आली. पुढे 2020 च्या नोव्हेंबरात रॉयल एनफील्डने ‘मीटिअर’ आणली. माझी गाडी कोणत्या घराण्यातली हे सांगत नाही. दोष द्यायचाच तर तो माझ्या निवडीला द्यावा.

नवा मालक जसा वागतो तसाच मीही वागलो. सिग्नलला, पेट्रोलपंपावर, मेकॅनिकच्या बाकावर, जिथे आपल्या जातीची गाडी दिसेल तिथे तिच्या धन्याशी बोलणे काढू लागलो. रूपाविषयी बहुतेकांचे एकमत. लांबट टाकी, चकचकीत सायलेन्सर, गोल दिवा यांचे वर्णन करताना बँकेतले गंभीर अधिकारीही लग्नातल्या घोड्याचे कौतुक करावे तसे बोलत. एका तरुणाने मात्र प्रांजळपणे सांगितले, “काका, गाडी उभी असताना जास्त आवडते.” त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळला.

आरामाविषयी मात्र तितकी मते आणि तितकी शरीरे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाई उंचीने बेताच्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.” खरेच आहे ते. ‘मीटिअर’ची बैठक जमिनीपासून 765 मिलिमीटरवर आहे, गाडीचे वजन 191 किलो असले, तरी पाय पुरता टेकला की ते वजन धाकात राहते. महामार्गावर नित्य जाणारे एक गृहस्थ म्हणाले, “सत्तरच्या वेगाने निघालो की दोन तास मनगटाला नि मानेला काही कळत नाही.” तर औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणारा एक मुलगा कंबर धरून म्हणाला, “अर्ध्या तासात मणका न् मणका मोजून घ्या.”

तिघेही खरे बोलत होते. साध्या मोटारसायकलवर पाय अंगाखाली असतात. खड्डा दिसला की माणूस पायांवर भार देऊन किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. इथे पाय पुढे गेलेले, त्यामुळे उठायची सोय नाही. जो धक्का येईल तो थेट माकडहाडाला आणि तिथून पाठीला. त्यातून बैठक खाली आणली की मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. दोन चाकांतले अंतर मोठे, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी निश्चल. पण मांडवीच्या आसपासच्या गल्लीत वळवताना तीच गाडी लग्नातल्या जाडजूड व्याह्यासारखी मागे-पुढे करावी लागते. थोडक्यात, सोय आणि गैरसोय एकाच कारणातून निघालेली आहे. मौज अशी, की आमच्या गावाजवळचा सर्वांत सरळ आणि गुळगुळीत रस्ता म्हणजे अहमदाबादचा द्रुतगती मार्ग. आणि तिथे दुचाकीला मज्जाव!

इतकी मते गोळा करून मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. तेवढ्यात पावागडचा बेत ठरला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आम्ही दोघे स्कूटरवरून तिथे गेलो होतो. तोच प्रवास पुन्हा करावा ही हौस माझी. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला. सौ. नवी साडी नेसून मागे बसल्या. मी पाय पसरून, छातीवर वारा घेत, राजासारखा चाललो होतो. जरोदच्या पुढे मागून आवाज आला, “अहो, जरा थांबता का?” थांबलो. पाणी प्यायलो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. हालोलला आल्यावर त्या उतरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर हळूच टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही वर जाऊन या. मी एस. टी.ने घरी जाते.”

मी रागावलो, हे कबूल करतो. म्हणालो, “अगं, गाडी तर किती आरामाची आहे!” त्यावर त्या म्हणाल्या, “तुमची आहे. माझी कधी विचारलीत?”

पावागड राहिला. त्यांना बसमध्ये बसवून मी एकटाच परतलो. घरी आल्यावर गाडी अंगणात लावली आणि प्रथमच मागच्या सीटवर बसून पाहिले. हातभर लांब, वीतभर रुंद, उताराची गादी. बरोबर मागच्या चाकाच्या वर. पाठीला टेक नाही, धरायला धड कडी नाही. पुढच्या माणसाची आरामखुर्ची आणि मागच्याचे पाटा-वरवंट्यावरचे बसणे! वर्षभर मी पन्नास-एक मालकांना मत विचारले. त्यांच्या मागे बसणाऱ्या एकाही माणसाला विचारले नाही. घरच्या बाईला तर नाहीच.

मग उपाय सुरू झाले. रावपुऱ्याकडच्या एका सीटवाल्याने मागची गादी रुंद आणि सपाट करून दिली, पाठीला टेक बसवली. मेकॅनिकने दाखवले की मागच्या शॉकअपच्या तळाशी खाचांची कडी असते; दोघे बसणार असतील तर ती एक-दोन खाचा चढवावी लागते, आणि चाकातली हवाही दोघांच्या हिशेबाने भरावी लागते. इतकी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, कारण मी नेहमी एकटाच्या सुखाचा हिशेब करीत आलो होतो. नव्या गादीने गाडीची ती डौलदार रेघ बिघडली, हे खरे. शेजारचे काका म्हणालेही, “आता आधीसारखी दिसत नाही रे.”

गेल्या महिन्यात सौ. सुरसागरापर्यंत आल्या. उतरल्यावर मी काही विचारले नाही. त्याच म्हणाल्या, “बरी आहे. पावागडचे नंतर बघू.”

वाचकांपैकी कोणाच्या मनात असे वाहन घ्यायचे असेल, तर दुकानात दोघांनी मिळून जावे. विक्रेता तुम्हाला पुढे बसवील. तुम्ही आधी मागे बसून पाहा. आणि पहिले मत, कृपा करून, घरच्यांचे घ्या.