बोडी आटली आणि दगड झाली

वैशाख उतरणीला लागला की गोंदियाजवळच्या कुडव्याच्या शिवारातल्या एखाद्या आटलेल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उतरून बघावं. चिखलाला भेगा पडलेल्या असतात आणि उन्हानं प्रत्येक खपलीची कड वर उचललेली असते. खपलीवर पांढरे पडलेले शंख दिसतात, काही बोराएवढे, काही तांदळाच्या दाण्याएवढे. खपली उलटी केली तर खालच्या अंगालाही शंखच. एका तळहातावर मावणाऱ्या त्या मातीत बोडीचा सगळा पावसाळा येऊन बसलेला असतो.

आता अशीच एक खपली दगडाची झाली आहे असं समजा. हातोडी मारली तर खणखणेल इतकी कठीण, आणि तरीही तिच्यातला प्रत्येक शंख जागच्या जागी. असे दगड खरोखर आहेत, आणि गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर गेलं की त्यांच्या मुलुखात आपण पोहोचतो. नागपूरच्या टाकळी आणि गिट्टीखदान भागातल्या काळ्या दगडाच्या थरांमध्ये हे तळ्याचे थर दबलेले आहेत. त्यांचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

पहिला प्रश्न कुडव्याच्या वाचकाला पडेल तो असा, की हे दगड आपल्याकडे का नाहीत? शेजारच्या आमगावचं नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे, कारण इथल्या खडकसमूहालाच ‘आमगाव नाइस’ म्हणतात. मराठीत नाइसला पट्टिताश्म हा नेमका शब्द आहे. त्याचं वय दोनशे कोटी वर्षांच्या पलीकडे जातं. तो तयार झाला तेव्हा शंख, मासे, पानं यातलं काहीच पृथ्वीवर नव्हतं, जे जीव होते ते डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान. शिवाय तो खडक खोल जमिनीत उष्णतेनं आणि दाबानं पुन्हा पुन्हा भाजून निघाला आहे. आमगावच्या दगडाचं वय एक वर्ष धरलं तर टाकळीचं तळं शेवटच्या बारा दिवसांच्या आतलं. आपल्या पायाखालचा दगड डोळ्यांना दिसणाऱ्या जीवसृष्टीच्या कितीतरी आधीचा आहे, म्हणून तिची पानं वाचायला थोडं पश्चिमेला सरकावं लागतं.

त्या पश्चिमेला तेव्हा जमीन फाटून लाव्हा वाहत होता. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं दख्खनचं काळ्या दगडाचं पठार त्यातूनच तयार झालं. पण लाव्हा सतत वाहत नव्हता. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग कधी शेकडो, कधी हजारो वर्षं शांतता. त्या शांततेत पाऊस पडायचा, लाव्ह्यानं अडवलेल्या ओढ्यांची तळी व्हायची, दगडाची माती व्हायची, झाडं उगवायची. पूर आला की दुसऱ्या तळ्यातले जीव वाहत येत असतील, जनावरांच्या पायांना चिकटलेल्या चिखलातून अंडी येत असतील. तळं भरून जायचं. मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. दोन लाव्हाथरांमध्ये सापडलेल्या या थरांना भूवैज्ञानिक ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात.

लाव्ह्याखाली चिखल जळून का गेला नाही? जिथे लाव्हा टेकला तिथे वरचा थर काही ठिकाणी भाजलेला दिसतोही. पण बरीच तळी पाण्यात मिसळलेल्या सिलिकानं वाचवली. काळ्या दगडातून आणि राखेतून सुटणारं सिलिका पाण्यावाटे चिखलात मुरलं, शंखांच्या पोकळीत, लाकडाच्या पेशींत जाऊन बसलं. चिखलाचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला. त्याला चर्ट म्हणतात. काही ठिकाणी मूळ शंख विरघळून गेला आणि त्याच्या जागी सिलिका आलं, काही ठिकाणी नुसता ठसा उरला.

हे दगड आधी वाचले ते डॉक्टरांनी आणि पाद्र्यांनी. मद्रासच्या लष्करातले शल्यवैद्य जे. जी. माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व कडेवरून शंखांचे दगड गोळा केले. १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं त्यांचा लेख छापला आणि त्यात जे. डी. सी. सॉवर्बी यांनी त्या शंखांना नावं दिली. सगळ्यांत ठसठशीत शंखाचं नाव फायसा प्रिन्सेपी, अलीकडे त्याला प्लॅटिफायसा प्रिन्सेपी म्हणतात. हे नाव जेम्स प्रिन्सेप यांच्यावरून दिलेलं. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी ज्यांनी उलगडली तेच हे प्रिन्सेप. दगडावरची अक्षरं लावणाऱ्या माणसाचं नाव दगडातल्या शंखाला मिळावं, यापेक्षा नेमकं नामकरण मला सुचत नाही.

पुढे नागपुरात राहणारे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन मिशनरी या कामाला लागले. नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांचा लेख १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १८६० मध्ये हिस्लॉप यांनी इथल्या शंखशिंपल्यांवर सविस्तर लिहिलं. त्यांनी जमवलेल्या दगडांत शंखांच्या सोबत फळं, बिया आणि कीटकसुद्धा होते. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात वाहून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. त्यांनी वेचलेले नागपूरचे दगड आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

आता तो दगड हातात घेऊ या. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

आधी शंख बघा. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं, तर आपल्या बोडीतल्या मोठ्या गोल शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. जगातले बहुतेक शंख असेच उजवे. पूजेतला शंखही नेहमीचा असाच, फक्त आपली परंपरा त्याला उलट्या बाजूनं धरून वामावर्ती म्हणते. प्लॅटिफायसा मात्र डावा आहे. त्याचं तोंड डावीकडे उघडतं. दगडात शंभर शंख विखुरलेले असले तरी हा एक क्षणात ओळखू येतो. पण थांबा, उजवा दिसला म्हणून लगेच दुसरी जात समजू नका. शंख निघून जाऊन मागे नुसता बाहेरचा ठसा राहिला असेल, तर ठशात डाव्याचा उजवा होतो, मातीत उमटलेल्या शिक्क्याची अक्षरं उलटी होतात तसा.

मग शंखांच्या मधली जागा बघा. तिथे खसखशीएवढे, चकचकीत, शेंगदाण्याच्या आकाराचे दाणे दिसतात. हे ऑस्ट्राकॉड. झिंग्याच्या गोतातला हा जीव दोन झडपांच्या डबीत राहतो, आणि डबी साधारण एक मिलिमीटर लांबीची. वाढताना तो आठ वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक कात म्हणजे झडपांची एक जोडी. म्हणजे दगडावर मोजलेल्या नऊ जोड्या एकाच जिवाच्या असू शकतात. दगडातली गर्दी आपण मोजतो तेव्हा आपण नुसते मेलेले जीव मोजत नाही, त्यांनी टाकलेले कपडेही मोजत असतो.

त्यांच्यासोबत एखादा गोल कण सापडतो, त्यावर फिरकीच्या आट्यांसारख्या रेघा. ही कारा नावाच्या पाणवनस्पतीची फळं. पाच नळ्या एकमेकींना लपेटून वर चढतात आणि त्या कायम डावीकडे वळतात, तेव्हाही आणि आजही. सॉवर्बी यांनी १८४० च्याच त्या लेखात यातल्या एका जातीला माल्कमसन यांचं नाव दिलं होतं.

टाकळी आणि गिट्टीखदानच्या थरांनी त्याहून बारीक गोष्टीही दिल्या आहेत. माती धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली निवडून त्यातून माशांचे दात, बेडकांची हाडं आणि डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे कपचे निघाले. १९८४ मध्ये फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी गिट्टीखदानचे मासे आणि बेडूक जगापुढे मांडले. ज्या वस्तीचं नावच गिट्टीच्या खाणीवरून पडलं, तिच्या गिट्टीत बेडकाची हाडं होती. या तळ्यांच्या काठावर डायनोसॉर पाणी प्यायला येत होते. प्लॅटिफायसा ही दगडातली गोगलगाय त्यांची शेजारीण.

इथे गोळा करणाऱ्याचा हात शिवशिवतो. सगळ्यांत सुंदर शंख छिन्नीनं सोडवून डबीत ठेवावा असं वाटतं. तो मोह आवरावा, कारण दगडातली बरीचशी गोष्ट शंखांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे. सगळ्या शंखांची टोकं एकाच दिशेला असतील तर तिथे पाणी वाहत होतं. कशीही पडलेली असतील तर पाणी शांत होतं. फक्त एकाच मापाचे असतील तर लाटांनी त्यांना सुपात पाखडल्यासारखं वेगळं केलं. शिंपल्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतील तर तो जिवंतपणीच गाळात गाडला गेला. सुटा केलेला शंख फक्त आपली जात सांगतो. पूर्ण फरशी त्या दिवशीचं तळं सांगते.

म्हणून फरशी अख्खी ठेवावी आणि तपशील फोटोतून वेचावेत. मोबाइलचा कॅमेराही चालतो, फक्त उजेडाची युक्ती हवी. दुपारच्या उभ्या उन्हात हे दगड सपाट आणि मुके दिसतात. सकाळी सातच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक शंखाची सावली पडते आणि दगड जागा होतो. घरात असाल तर बॅटरी दगडाच्या कडेला, जवळजवळ आडवी धरा. उजेड फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून यावा असा रिवाज आहे. आपल्या डोळ्यांना प्रकाश वरूनच येतो असं गृहीत धरायची सवय, त्यामुळे खालून उजेड दिला तर खड्डा फुगीर दिसतो आणि फुगीर शंख खड्डा वाटतो. तोच फोटो उलटा फिरवून बघा, दगड डोळ्यांदेखत बदलतो.

कॅमेरा दगडाला समांतर धरावा आणि चौकटीत पट्टी ठेवावी. आधी अख्खी फरशी घ्यावी, मग एकमेकांवर थोडे चढणारे तुकड्यातुकड्यांचे फोटो, म्हणजे नंतर ते जोडता येतात. उंचसखल भागासाठी फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन एकत्र करतात. आणि आरशासारखा उलटवणारा सेल्फी कॅमेरा या कामाला कधी वापरू नये, कारण त्यात प्लॅटिफायसा उजवा होतो आणि ६ कोटी ६० लाख वर्षं टिकलेली ओळख एका बटणानं पुसली जाते.

दगड धुवायचा तर पाणी आणि मऊ टूथब्रश. ओला चर्ट खुलून दिसतो, पण म्हणून त्याला तेल किंवा व्हार्निश लावू नये. व्हिनेगर आणि लिंबू तर लांबच ठेवावं, कारण काही शंख अजून चुन्याचेच असतात आणि ते विरघळतात. मागच्या बाजूला क्रमांक घालावा, वहीत गाव, जागा, तारीख आणि दगड कोणत्या थरातून निघाला ते लिहावं. ही नोंद नसलेला दगड म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातून बाहेर टाकलेला दगड जागामालकाला विचारून घ्यावा. जंगलात आणि संरक्षित जागी फक्त फोटो घ्यावा. हाड किंवा अंड्यासारखं काही दिसलं तर हात न लावता नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावं.

हे सगळं झालं की परत कुडव्याच्या बोडीकडे या. कारण या दगडाची किल्ली आपल्या झाडीपट्टीकडे, या भाताच्या मुलुखाकडे आहे. भाताची बांधी आणि दख्खनचं ते तळं यांचा संसार फारसा वेगळा नाही. उथळ, कोमट, काही महिने भरणारं आणि मग आटणारं पाणी. त्यात शंख, ऑस्ट्राकॉड, कारा, छोटे मासे, बेडूक. पाण्यावर तरंगणारं अझोला हे छोटं नेचं आज शेतकरी बांधीत मुद्दाम सोडतात, कारण ते हवेतला नत्र पकडायला मदत करतं. १९३४ मध्ये बिरबल सहानी आणि एच. एस. राव यांनी दख्खनच्या चर्टमधून अझोलाची एक जात ओळखली आणि तिचं नाव ठेवलं अझोला इंटरट्रॅपिया. लाव्ह्यांमधल्या तळ्यावरही हेच हिरवं पांघरूण होतं.

एक प्रयोग घरी करता येतो. मे महिन्यात बांधीतली किंवा बोडीतली कोरडी ठणठणीत खपली आणा. निम्मी खपली काचेच्या ग्लासात टाका आणि वर पावसाचं किंवा विहिरीचं पाणी ओता. क्लोरीनचं नळाचं पाणी नको. ग्लास खिडकीत, पण थेट उन्हात येणार नाही असा ठेवा. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पाण्यात पांढुरके ठिपके धावू लागतील. ऑस्ट्राकॉडची अंडी कोरड्या मातीत वाट बघत पडून राहू शकतात, आणि पाणी मिळताच फुटतात. रोवणीला बांधी भरते तेव्हा धुऱ्यांच्या आत हेच घडतं.

उरलेल्या निम्म्या खपलीचा, तिरप्या उन्हात, पट्टी ठेवून फोटो काढा. जमलं तर टाकळीच्या एखाद्या दगडाचा तसाच फोटो मिळवून शेजारी ठेवा. कोणता शंख कोणत्या दिशेला पडलाय, कोणती डबी मिटलेली आहे, कोणती उघडी, हे दोन्हीत एकाच नजरेनं वाचता येतं. तेवढ्यात ग्लासाकडे वळून बघा. दगडात जे ठिपके निश्चल बसलेत, ते इथे काचेच्या तळाशी दोन झडपा किंचित उघडून चरत फिरत असतील.