मोजलेला मेद, मानलेला मेद

दिवाळीच्या तोंडावर तुपातल्या भेसळीच्या बातम्या आल्या की मला बॉडोइन चाचणी आठवते. परीक्षानळीत पातळ केलेलं तूप, तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉलचे काही थेंब घ्यायचे. दोन मिनिटं खळखळून हलवायचं आणि नळी उभी ठेवायची. तळाचं आम्ल तांबडं झालं, तर तुपात वनस्पती मिसळलं आहे. गंमत म्हणजे हा रंग वनस्पतीचा नसतोच, तिळाच्या तेलाचा असतो. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती आपल्याकडे झाली ती याचसाठी. चोराला आधीच हळद माखून ठेवायची! भेसळ नुसत्या पाम तेलाची असेल, तर मात्र नळी मुकाट राहते.

मेदाच्या अभ्यासात मोजलेलं काय आणि मानलेलं काय, हा घोळ असा जुना आहे.

पहिली अडचण मेद पेशींतून बाहेर काढण्याची. 1957 मध्ये फोल्च यांनी दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉल हे प्रमाण रूढ केलं. दोनच वर्षांनी कॅनडात ब्लाय आणि डायर यांनी माशांवर काम करताना त्याची सुटसुटीत आवृत्ती काढली. आजही या दोन पद्धतींवाचून पान हलत नाही. मात्र क्लोरोफॉर्म जड असल्यामुळे मेद तळाशी जातो आणि पिपेट वरच्या गढूळ थरांतून खाली घालावी लागते. हात जरा हलला की नमुना बिघडला. 2008 मध्ये क्लोरोफॉर्मऐवजी एमटीबीई हा हलका द्रावक वापरण्याची पद्धत आली. त्यात मेद कटावरच्या तवंगासारखा वर येतो, अलगद उचलता येतो.

बाहेर काढलेले मेद एकमेकांपासून वेगळे करण्याचं काम क्रोमॅटोग्राफीचं. 1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात मेदाम्लं वेगळी केली. पुढे फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेने नाजूक रेणू न मोडता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरू लागले (2002 चं नोबेल) आणि लिपिडोमिक्सचं, म्हणजे पेशीतले सगळे मेद एकत्र मोजण्याच्या शास्त्राचं, दार उघडलं.

खरी मेख इथेच आहे. यंत्र रेणूचं वजन सांगतं, नाव आपण देतो. समजा, 760.6 वर शिखर दिसलं. हा पीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन) 34:1 असावा, म्हणजे दोन मेदाम्लांत मिळून 34 कार्बन आणि एक दुहेरी बंध. पण ही जोडी 16 आणि 18 ची की 14 आणि 20 ची? रेणू फोडून पाहिला तर तेही कळतं. मग 16:0_18:1 असं लिहितात. कोणतं मेदाम्ल कुठल्या जागी बसलंय हेही ठाऊक असेल तरच अधोरेषेच्या जागी तिरकी रेघ येते. दुहेरी बंध नेमका कुठे, हे शोधायला ओझोनने तो तोडण्यासारखे आणखी उपाय करावे लागतात. मला ही अधोरेषा फार आवडते. ‘एवढंच कळलं’ असं एका चिन्हात कबूल करणारी शास्त्रं थोडीच. तरीही तिरकी रेघ ओढून मोकळे होणारे शोधनिबंध कमी नाहीत.

नावांच्या वह्याही आता मोठ्या झाल्या आहेत. अमेरिकेत 2003 मध्ये सुरू झालेल्या लिपिड मॅप्सने मेदांचे आठ गट पाडले. त्यांच्या कोशात चाळीस हजारांहून अधिक रचना आहेत. स्विसलिपिड्समध्ये तर संगणकाने जुळवलेल्या, निसर्गात सापडू शकतील अशा लाखो रचना आहेत. कोशात नाव आहे म्हणून ते रक्तात आहे असं होत नाही, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही.

2017 मध्ये 31 प्रयोगशाळांनी एकाच रक्तद्रवाचा नमुना तपासल्याचा अहवाल आला. सगळ्यांचे मिळून 1,527 मेद नोंदले गेले, पण सर्वमान्य आकडा ठरवता आला तो फक्त 339 चा.

आपल्या घरातलं उदाहरणही दूर नाही. लिपिड प्रोफाइलमधलं एलडीएल बहुतेकदा मोजलेलंच नसतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, हे फ्रीडवाल्ड यांचं 1972 चं सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की ते लागू पडत नाही. फराळानंतरचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा एलडीएलपुढे ‘कॅल्क्युलेटेड’ लिहिलंय का, तेवढं बघा.