सामिष, निरामिष आणि रवंथ : आहारविषयक वादाच्या परिभाषेचा विचार

मांस खावे की खाऊ नये हा वाद भारतीय भाषांना नवा नाही. धर्म, अहिंसा, जातिभेद आणि आरोग्य या चार अंगांनी तो आजवर पुष्कळ झाला आहे. गेल्या काही दशकांत मात्र त्यास पाचवे अंग फुटले असून ते म्हणजे पर्यावरण होय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मनुष्यकृत उष्णताधारक वायूंपैकी १८ टक्के वायू पशुपालनामुळे वातावरणात जातात असा अंदाज केला होता. २०१३ साली त्याच संघटनेने हा वाटा १४.५ टक्के आणि २०२३ साली सुमारे १२ टक्के सांगितला. मोजणीची रीत, आधारभूत वर्ष आणि उपलब्ध सामग्री प्रत्येक वेळी निराळी असल्यामुळे हे तीन आकडे एकाच उतरत्या रेषेवरील तीन बिंदू समजणे युक्त नाही. तथापि हा वाटा उपेक्षणीय नाही, एवढे तिन्ही अहवालांवरून निर्विवादपणे ठरते.

हा नवा प्रश्न चर्चिला जातो तो मात्र जुन्याच शब्दांत. 'शाकाहार' आणि 'मांसाहार' हे शब्द ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रूढ झाले तो प्रश्न अन्नाच्या शुद्धतेचा व प्राणिहत्येचा होता. हवेतील वायूंचा नव्हता. एका प्रश्नासाठी आखलेली सीमारेषा दुसऱ्या प्रश्नास लावली असता काय घडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन शब्दयुग्मे

संस्कृतातून आलेले जुने युग्म 'सामिष–निरामिष' हे होय. 'आमिष' म्हणजे मांस. माशाला गळाकडे ओढण्यासाठी लावलेला मांसाचा तुकडा हाही त्याचाच अर्थ. मराठीत आज 'आमिष' हा शब्द स्वतंत्रपणे केवळ प्रलोभन या अर्थी उरला आहे आणि मांसाचा अर्थ सामासिक रूपांतच टिकला आहे. बंगालीत मात्र 'आमिष' व 'निरामिष' हे दोन्ही शब्द आहाराच्या अर्थाने नित्य व्यवहारात आहेत. या युग्माची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही शब्दांचा पाया 'आमिष' हाच असून एका बाजूस ते असणे, दुसऱ्या बाजूस ते नसणे सांगितले आहे.

आजच्या बोलण्यातील युग्म 'व्हेज–नॉनव्हेज' असे आहे. येथे पाया उलटला आहे. वनस्पतिजन्य अन्न हे मूळ, आणि मांस, मासे, अंडी या परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या पदार्थांचा समूह केवळ 'ते नव्हे' एवढ्या नकाराने बांधलेला. प्राग संप्रदायाच्या त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन या भाषाशास्त्रज्ञांनी चिन्हित व अचिन्हित असा जो भेद केला, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. भाषेत सामान्यतः जे सर्वसाधारण ते अचिन्हित आणि जे विशेष ते चिन्हित असते. पण भारताच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१४ साली पंधरा वर्षांवरील सुमारे सात दशांश लोक मांस, मासे वा अंडी यांपैकी काहीतरी खाणारे होते. म्हणजे येथे बहुसंख्यांच्या आहाराला नकारार्थी उपसर्ग लागला आहे. सामाजिक प्रतिष्ठा संख्येवर मात करते, ती अशी.

इंग्रजीतील मूळ शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. 'व्हेजिटेरियन' हे नाव धारण करणारी संस्था १८४७ साली इंग्लंडातील रॅम्सगेट येथे स्थापन झाली. तेथील संकेतानुसार अंडी व दूध वर्ज्य नव्हते. जे दोन्ही वर्ज्य मानीत, त्यांनी १९४४ साली वेगळी संस्था काढली आणि जुन्या शब्दाची पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे घेऊन 'व्हीगन' हा शब्द घडविला. भारतात आल्यावर 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सीमा सरकली. अंडे तिच्या बाहेर गेले, दूध आत राहिले. वेष्टनबंद अन्नावर हिरवे चिन्ह छापण्याचा नियम २००१ साली झाला, तेव्हा हीच लोकरूढ सीमा कायद्यात उतरली. अंडे मांसाबरोबर, तर दूध व मध वनस्पतींबरोबर असे हे वर्गीकरण आहे. प्राणिज असे काहीच नसलेल्या अन्नासाठी २०२२ साली निराळे चिन्ह योजावे लागले. मराठी पाट्यांवरील 'शुद्ध शाकाहारी' या शब्दप्रयोगात दूध, तूप, लोणी सुखेनैव सामावतात; कारण तेथील 'शुद्ध' हे विशेषण पदार्थाच्या उत्पत्तीविषयी नसून सोवळ्याच्या कल्पनेविषयी आहे. 'व्हीगन' या शब्दास मराठी प्रतिशब्द सापडत नाही, त्याचे कारण हेच. ज्या जागी तो बसावा ती जागा 'शुद्ध शाकाहारी'ने आधीच व्यापलेली आहे.

२. बोलीतील रूढी

ग्रंथिक शब्दांकडून बोलीकडे वळले असता निराळे दृश्य दिसते. मराठी ग्रामीण व्यवहारात आहाराचे वर्गीकरण पदार्थापेक्षा व्यक्ती, काळ आणि प्रसंग यांवर अधिक अवलंबून असते. 'तो माळकरी आहे' एवढे म्हटले की तो मांस खात नाही हे सांगावे लागत नाही. 'श्रावण पाळणे' या प्रयोगात वर्ज्य वस्तूचा उल्लेखच नाही. कोकणात व गोव्यात 'शिवराक' हा शब्द निरामिष जेवणासाठी वापरतात आणि तो बहुधा वाराशी अथवा सणाशी जोडलेला असतो; सोमवारी शिवराक जेवणाराच बुधवारी 'नुस्ते' म्हणजे मासळी आणतो. 'तुम्ही खाता का?' या प्रश्नात कर्म अध्याहृत असूनही ते कोणते याविषयी मराठी माणसाला शंका पडत नाही. 'मला अंडे चालते' या वाक्यातील 'चालणे' तर खाणे व न खाणे यांच्या मधली एक पायरीच दाखविते. अशा भाषेत आहार ही माणसाची कायमची जात नसून पाळावयाची व सोडावयाची एक रीत ठरते.

याहून महत्त्वाचा पुरावा जेवणाच्या घटकांना असलेल्या नावांत आहे. 'भाकरी खाल्ली' किंवा 'भात जेवला' म्हणजे जेवण झाले. उरलेल्या सर्व पदार्थांना 'कालवण', 'कोरड्यास', 'तोंडीलावणे' अशी गौणत्वदर्शक नावे आहेत, आणि ती देताना पदार्थ डाळीचा, भाजीचा की मटणाचा हा भेद केला जात नाही. पाश्चात्त्य ताटात मांस मध्यभागी व धान्य कडेला असते. मराठी ताटाची रचना नेमकी याच्या उलट आहे. २०१९ साली 'लॅन्सेट'च्या आहारविषयक आयोगाने मनुष्याचे आरोग्य व पृथ्वीची धारणशक्ती यांचा मेळ घालणारा जो आहार सुचविला, त्यात सर्व प्रकारच्या तांबड्या मांसाचे प्रमाण दिवसास सरासरी १४ ग्रॅम आहे. म्हणजे मांस हे तोंडीलावणे, जेवण नव्हे. जे तत्त्व आयोगाला गणिताने मांडावे लागले, ते 'कालवण' या शब्दात पूर्वीपासून गृहीत आहे. अर्थात या शब्दामागे दूरदृष्टीपेक्षा दारिद्र्याचाच हात अधिक होता, हेही विसरता कामा नये.

३. निसर्गातील सीमारेषा

आता पर्यावरणाच्या दृष्टीने खरी सीमारेषा कोठे पडते ते पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे प्राणी रवंथ करणारे आहेत. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जीव चारा आंबवितात. त्या क्रियेत मिथेन वायू तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन धरता त्याची उष्णता वाढविण्याची शक्ती कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे २८ पट भरते. कोंबडी रवंथ करीत नाही. मासाही करीत नाही.

पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ साली काढलेले निष्कर्ष या संदर्भात वारंवार उद्धृत केले जातात. १०० ग्रॅम प्रथिने मिळविण्यासाठी हवेत जाणाऱ्या वायूंचे प्रमाण, कर्बद्विप्राणिलाच्या मापाने, त्यांनी जागतिक सरासरी म्हणून असे दिले आहे : केवळ मांसासाठी पाळलेल्या गुरांचे मांस ५० किलोग्रॅम, मेंढीचे मांस २०, चीज ११, कोंबडी ५.७, अंडी ४.२ आणि वाटाण्याखेरीज इतर कडधान्ये एक किलोग्रॅमहून कमी. प्राणिज अन्नासाठी जगातील शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन खर्ची पडते, पण त्यातून मिळणारी ऊर्जा एकूण अन्नऊर्जेच्या १८ टक्के व प्रथिने ३७ टक्केच आहेत, असेही त्यांना आढळले.

या मालिकेत चीज कोंबडीच्या व अंड्याच्याही वर आहे. म्हणजे दुग्धजन्य पदार्थांनी भरलेले 'शुद्ध शाकाहारी' ताट हवेच्या हिशेबात कोंबडीच्या ताटाहून हलके असेलच असे नाही. उलट वनस्पतिजन्य अन्नही सर्व सारखे नाही. पाणी साचलेल्या भातखाचरांतून मिथेन निघतो. कोरडवाहू ज्वारीच्या शेतातून तसा तो निघत नाही. सारांश, 'सामिष–निरामिष' ही रेषा आणि 'रवंथ करणारे–न करणारे' ही रेषा या दोन भिन्न रेषा असून त्या एकमेकींना छेदून जातात. दूध पहिल्या रेषेच्या एका बाजूस आहे, तर दुसऱ्या रेषेच्या दुसऱ्या बाजूस.

सरासरीच्या आकड्यांविषयीही सावधगिरी अवश्य आहे. रवंथ करणारे जनावर कडबा व माळावरचे गवत खाऊन, म्हणजे मनुष्यास न पचणाऱ्या वस्तूंपासून, अन्न निर्माण करते. कोंबडीला मका व सोयाबीनची पेंड लागते. मिथेनच्या मापाने जे हलके ते धान्याच्या मापाने जड असू शकते.

४. दूध, बैल आणि कायदा

भारतात या प्रश्नास विशेष गुंतागुंत आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंशीय जनावरे व ११ कोटी म्हशी होत्या. मांसाचे दरडोई सेवन जगात अत्यंत कमी असलेल्या देशांत भारत मोडतो, पण दुधाच्या उत्पादनात तो १९९८ पासून पहिला आहे. म्हणून येथील रवंथी जनावरांचा भार प्रामुख्याने 'मांसाहारा'च्या खाती मांडता येत नाही. शिवाय तो कोणाच्या खाती मांडावा हाच प्रश्न आहे. एकच जनावर दूध, शेण, ओढकाम व अखेरीस कातडे देत असेल, तर त्याच्या ढेकरांचा हिशेब या चौघांत कसा वाटावयाचा?

हा वाद नव्या स्वरूपात जुनाच आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी १९६६ साली असे प्रतिपादन केले की, भारतातील गुरांचे रक्षण ही केवळ श्रद्धेची बाब नसून ओढकाम, खत व जळण यांच्या दृष्टीने ती व्यवहार्य योजना आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६९ साली त्यावर कठोर टीका केली. गुरांची जी संख्या आहे तीच योग्य संख्या असे मानता येणार नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्यानंतर ट्रॅक्टर आले व बैलांची गरज घटली. २०१२ व २०१९ या दोन गणनांच्या दरम्यान गोवंशातील नरांची संख्या लक्षणीय घटली.

दूध हवे तर गाय विणे भाग आहे, आणि वासरांपैकी सुमारे निम्मी नर असणार. दुधाला 'शाक' म्हणणारी भाषा हा दुवा झाकून टाकते. महाराष्ट्रात गोहत्येस १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने ती वळू व बैल यांनाही लागू झाली. म्हैसवर्ग तीत येत नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. या कायद्याचा हेतू पर्यावरणाचा नव्हता आणि पर्यावरणाच्या मापाने त्याचे समर्थन वा खंडन करणे हा विषयांतराचाच प्रकार होईल. परंतु त्यामुळे ज्यांच्या ताटातील स्वस्त प्रथिन गेले त्यांचा विचार कोणत्याही मापाने टाळता येत नाही. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या आपल्या ग्रंथास शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. सर्वपरिचित वचनात एका 'अ'ची भर घालून, 'अन्न' या शब्दात कोणाचे अन्न मोजले जात नव्हते हे त्यांनी दाखविले. वाळविलेल्या मांसाच्या 'चान्या' हा शब्द ज्या घरांत रोजचा होता, ती घरे प्रमाण मराठीच्या पाकशास्त्रात आढळत नाहीत.

५. परिभाषेचे परिणाम

शब्दांची ही चर्चा केवळ शाब्दिक नाही, याचे एक उदाहरण पुरे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे, व अंडे न खाणाऱ्या मुलांस केळे, देण्याचे ठरविले. २०२५ च्या जानेवारीत अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला. या काळात झालेला विरोध आणि त्याचे खंडन ही दोन्ही 'शाकाहार' व 'मांसाहार' या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. वस्तुतः अंडे हे स्वस्त व सुपच प्रथिन आहे, आणि हवेवरील त्याचा भार चीजच्या निम्म्याहूनही कमी आहे. पोषणाच्या वा पर्यावरणाच्या प्रश्नात ते मटणाशेजारी बसत नाही. तेथे त्यास बसविले ते कायद्याने व शब्दाने. पुढे उद्या कोणी पर्यावरणाचे नाव घेऊन तेच अंडे नाकारू लागल्यास, तो युक्तिवाद विज्ञानाचा नसून जुन्या शब्दाने नवे वस्त्र पांघरल्याचा प्रकार आहे, हे ओळखता आले पाहिजे. अंडे धर्माने वा रुचीने वर्ज्य मानणाऱ्याचा अधिकार याने कमी होत नाही. फक्त त्या वर्जनाचे कारण त्याचे त्याने सांगितले पाहिजे.

म्हणून पर्यावरणाच्या चर्चेपुरते तरी अन्नाचे त्रिविध वर्गीकरण करणे सोयीचे होईल : रवंथ करणाऱ्या जनावरांपासून मिळणारे अन्न, मग ते मांस असो वा दूध, इतर प्राणिज अन्न, म्हणजे कोंबडी, अंडी व मासे, आणि वनस्पतिजन्य अन्न, ज्यात पाणथळ भाताची नोंद वेगळी असावी. हे शब्द ओबडधोबड आहेत व ते बोलीत रुजतील असे नाही. रुजावेत अशी अपेक्षाही नाही. 'माळकरी' आणि 'शिवराक' आपापल्या प्रश्नांची उत्तरे समर्थपणे देतच आहेत. प्रश्न बदलला असता शब्द तपासून घ्यावा, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य होय.