हेल्मेटभोवतीची जागा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये आमची पोलो उभी होती. सीटा, कार्पेट, छताचं अस्तर, डॅशबोर्ड सगळं उतरवलेलं. आत नुसता पत्रा. रॅलीत माझा मित्र गाडी चालवतो आणि मी त्याच्या डावीकडे बसून नोट्स वाचतो. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतली जागा राखणारा पाईपांचा सांगाडा, बसवायला किती दिवस लागतील, हे आम्हाला विचारायचं होतं. मिस्त्रींनी आधी त्यांचंच विचारलं. "हेल्मेटं आणलीत का? मग घाला आणि बसा की आत."

रेसिंग सीटा तात्पुरत्या बसवल्या होत्या. मित्र बसला, मग मी. हेल्मेटपासून छत किती, दाराची वरची कड किती, दारामागचा खांब म्हणजे बी-पिलर किती, ही मापं मिस्त्रींनी घेतली आणि खडूनं पत्र्यावरच लिहून ठेवली. "पाईप कुठनं न्यायचा, ते तुमचं डोकं सांगणार," ते म्हणाले. पुढचे तीन आठवडे जमेल तेव्हा मी तिथं जात राहिलो आणि जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या खडूच्या आकड्यांपाशी येताना पाहिला.

पहिला प्रश्न होता केज बोल्टचा की वेल्डिंगचा. बोल्टचा तयार केज लवकर बसतो, काढताही येतो. पण तो दाराच्या कडेपासून आणि छतापासून थोडा आत राहतो, आणि ती जागा डोक्याच्या वाट्यातून जाते. वेल्डिंगचा केज पत्र्याला लगटून नेता येतो. गाडी रॅलीसाठीच ठेवायची होती, म्हणून आम्ही वेल्डिंगचा निवडला.

दुसरा प्रश्न पाईपचा. बाजारात पाईप पुष्कळ मिळतो, पण त्यातला ईआरडब्ल्यू पाईप पट्टी वळवून, लांबीभर जोडून केलेला असतो. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिच्या परिशिष्ट जे, कलम २५३ ला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड, कार्बन स्टील लागतं आणि त्याची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन हवी. सीटांमागच्या मुख्य कमानीसाठी दोन मापं चालतात: ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि दोन जाडी. पहिल्याचं वजन मीटरला सुमारे २.६ किलो भरतं, दुसऱ्याचं २.४. म्हणजे ५० चा पाईप हलका, आणि व्यास मोठा असल्यानं वाकायलाही जास्त कणखर. मी लगेच तोच सुचवला. मिस्त्रींनी खडूच्या आकड्याकडे बोट केलं. कमान वर जिथं वळते तिथं ते पाच मिलिमीटर आम्हाला परवडणारे नव्हते. ४५ चा ठरला.

पाईप थंडच वाकवायचा. वळणाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नको, म्हणजे इथं १३५ मिलिमीटर. वाकताना पाईप थोडा चपटतो. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीखाली गेला तर तो तुकडा बाद. प्रत्येक वळणाला व्हर्नियर लावून मिस्त्री आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि पोऱ्या वहीत लिहायचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खाचांत. एका पाईपच्या टोकाला दुसऱ्याची गोलाई बसेल अशी, माशाच्या तोंडासारखी खाच होल सॉनं पाडायची, मग कानशीनं घासत राहायची. सांधा उजेडात धरल्यावर फट दिसता कामा नये. फट वेल्डिंगनं भरली की वरून सांधा सुंदर दिसतो, पण जोर येईल तेव्हा तो तिथंच उकलतो.

दुसऱ्या आठवड्यात सगळे पाईप टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारून उभे राहिले आणि आम्हाला पुन्हा हेल्मेट घालून बसवलं. माझ्या बाजूला दाराच्या वरून जाणारा पाईप खडूच्या आकड्याच्या आत आला होता. मित्र म्हणाला, तिथं जरा जाड पॅडिंग लावू. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "पॅडिंग शेवटच्या बोटभर जागेसाठी असतं. पाईप चुकलाय तर पाईपच बदलायचा." टॅक कापले, नवा पाईप वाकवला. दोन दिवस गेले आणि मला त्यांचा अतिशय आदर वाटला.

मग ते काम आलं, ज्याची मला कल्पनाच नव्हती. केज छताला इतका भिडलेला, की वरच्या सांध्यांच्या माथ्यावर वेल्डिंगचा टॉर्च जाईना. सांध्याला तर पूर्ण वेढा हवा. मिस्त्रींनी केजच्या पायांखालचा फ्लोअर कापला आणि अख्खा केज त्या भोकांतून खाली उतरवला. छत आणि पाईप यांच्यात हात जाईल एवढी जागा झाली. बॅटरी आणि इंजिनचा कंट्रोलर आधीच काढलेले, शेजारी अग्निशामक ठेवलेला. मिस्त्री आर्गन वेल्डिंगनं एकेक सांधा सावकाश फिरवत गेले. मग केज वर उचलून जागेवर आणला आणि भोकांवर प्लेटा बसवल्या.

प्लेट कमीत कमी तीन मिलिमीटर जाड हवी. कमानीच्या आणि पुढच्या पायांखाली तिचं क्षेत्र किमान १२० चौरस सेंटिमीटर, मागच्या तिरक्या आधारांखाली ६०. गाडी उलटली की तिचा सगळा भार या सहा पायांतून जातो. पाय नुसत्या पातळ पत्र्यावर टेकवला तर तो पत्रा फाडून खाली जाईल आणि वरची जागा तेवढी आक्रसेल.

केज बसवलेली गाडी रोज ऑफिसला नेणारे तरुण मला भेटतात. त्यांना कळकळीनं सांगतो, हेल्मेट नसलं तर किरकोळ धडकेतही कवटी पोलादावर आदळते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल रस्त्यावरच्या गाडीला करू देत नाही. केज, हेल्मेट, सीट आणि पट्टे एकत्रच उपयोगाचे.

रॅलीच्या आदल्या दिवशी स्क्रुटिनीला गाडी उभी केली. तपासनिसांनी व्यास मोजला, डोक्याजवळचं एफआयएच्या ८८५७-२००१ मानकाचं पॅडिंग दाबून पाहिलं. मग खिशातून लहान आरसा काढून छत आणि पाईप यांच्यामध्ये सरकवला. मीही वाकून पाहिलं. कुणालाच कधी दिसणार नाही अशा त्या जागी वेल्डिंगचा वेढा कुठंही न तुटता सांध्याभोवती फिरून आला होता.

मी डाव्या सीटवर बसलो, पट्टे ओढले आणि नोट्सची वही मांडीवर घेतली.