कपाटातले रिव्हॉल्व्हर, रेंजवरचे पिस्तूल

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात खासगी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर दोन निराळ्या ठिकाणी सापडते. एक परवानाधारकाच्या कुलूपबंद कपाटात, दुसरे नेमबाजीच्या रेंजवर. कपाटातले शस्त्र वर्षानुवर्षे झाडले जात नाही. रेंजवरचे रोज हाताळले जाते, पण ते बहुधा क्लबचे किंवा अकादमीचे असते आणि बऱ्याचदा बारुदावर नव्हे, तर दाबलेल्या हवेवर चालते. ज्यांच्याकडे शस्त्र आहे ते नेम धरत नाहीत आणि जे नेम धरतात त्यांच्याकडे स्वतःचे शस्त्र नसते, हे इथल्या छंदाचे मुख्य वैशिष्ट्य. त्याला कारण आहे कायदा, आणि थोडीफार हौसेची जातकुळी.

याच पट्ट्यातल्या तळवड्याला दारूगोळा नवा नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा 2000 यार्डांचा रेड झोन तळवडे, रुपीनगर, यमुनानगर या भागांतल्या घरांच्या सातबाऱ्यापर्यंत आणि बांधकाम परवानगीपर्यंत पोचलेला आहे. पलीकडे देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुण्याच्या वाटेवर खडकीची 1869 साली सुरू झालेली अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी. देशभरच्या आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन 1 ऑक्टोबर 2021 रोजी सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ पुण्यातच मुख्यालय करून आहे. ज्या तालुक्यात काडतुसे मालगाडीच्या मापाने तयार होतात, त्याच तालुक्यात सामान्य माणसाला एक काडतूस जवळ बाळगायलाही परवाना लागतो.

हा निर्बंध इंग्रजांच्या काळापासूनचा. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतल्या 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. पुढे 22 जून 1897 च्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा हाच कायदा लागू होता. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, 1959 ने घेतली. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. आजची कार्यपद्धती ठरते ती शस्त्र नियम, 2016 वरून.

अधिनियमाच्या कलम 13 मध्ये बारकाईने वाचण्याजोगा एक भेद आहे. वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायची बंदूक, आणि मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी .22 रायफल किंवा एअर रायफल यांचा परवाना अन्य आक्षेप नसल्यास द्यावा, असे कायदा म्हणतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. त्यामुळे हौस हे कारण अर्जात चालत नाही. जिवाला धोका दाखवावा लागतो, नाहीतर खेळाडू म्हणून नोंद दाखवावी लागते.

15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्वतंत्र झाले. तेव्हापासून तळवडे, चाकण, आळंदी, देहू, तळेगाव या भागांतले अर्ज तिथे जातात. अर्जासोबत ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करते: गुन्हे, शेजाऱ्यांशी वाद, जमिनीचे दावे, घरातली परिस्थिती. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय परवाना वैध राहत नाही. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात व कलम 18 खाली अपील करता येते. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, तर एका माणसाने बाळगायच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तिसरे शस्त्र असलेल्यांना ते जमा करायला वर्षाची मुदत मिळाली.

परवाना हाती आल्यावर दुकानात निवड फारशी नसते. 9 मिलिमीटरचे पिस्तूल, म्हणजे चित्रपटांत आणि पोलिसांच्या कमरेला दिसणारे, नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. खासगी आयात 1980 च्या दशकातच बंद झाली. तेव्हापासून सर्वसामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .32 बोअर आले. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .32 रिव्हॉल्व्हर हे त्यातले सर्वांत परिचित. त्याची रचना जुन्या वेबली घराण्यातली: सहा घरे, तीन इंची नळी, वजन पाऊण किलोच्या आत. वरची खिटी दाबली की नळी पुढे मोडून खाली झुकते, सिलिंडर उघडे पडते आणि मधला तारा वर उचलला जाऊन सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढला, तर त्याच एका ओढीत सिलिंडर एक घर फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो. ही ओढ इतकी जड असते की नवख्याचा नेम चाप ओढतानाच ढळतो. कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 2014 मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचे सुमारे 500 ग्रॅमचे ‘निर्भीक’ काढले. ते स्त्रियांसाठी म्हणून गाजवले गेले, पण सव्वा लाखाच्या आसपासची किंमत पाहता कोणत्या स्त्रियांसाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. 2023 मध्ये सिलिंडर बाजूला उघडणारे ‘प्रबल’ आले. पिस्तूल हवे असणाऱ्यांसाठी ‘अशनी’ आहे.

इथे खरेदीदाराची एक नेहमीची गफलत होते. रिव्हॉल्व्हरचे .32 आणि पिस्तुलाचे .32 ही काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरला स्मिथ अँड वेसन लाँग जातीचे काडतूस लागते. त्याची पुंगळी लांब, बुडाला रुंद कडा. पिस्तुलाचे एसीपी काडतूस आखूड, कारण ते मॅगझिनमधून सरकत वर यायचे असते. रिव्हॉल्व्हरची काडतुसे हातात घेऊन बुडाकडून पाहिली, तर मधल्या कॅपभोवती ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली दिसतात: किरकी फॅक्टरी, म्हणजे खडकी. कानपूरहून येणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे खाद्य असे पुण्याच्या वेशीवर तयार होते. किती काडतुसे एका वेळी बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते व दुकानदार प्रत्येक खरेदी त्यावर चढवतो. एवढ्या मोजक्या काडतुसांत सराव होत नाही. घरच्या आवारात किंवा शेतात ‘चालवून बघणे’ तर गुन्हाच. म्हणून शस्त्र तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात जाते.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चाकण, चिखली, मोशी, तळवडे या गावांच्या जमिनींना आलेला भाव आणि त्यातून आलेला पैसा यांमुळे परवान्याच्या अर्जाला प्रतिष्ठेचीही छटा आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नियम मात्र प्रदर्शनाच्या विरोधात आहेत. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असले पाहिजे. ते परजणे किंवा वरातीत हवेत झाडणे यामुळे परवाना जातो. आनंदोत्सवी गोळीबाराला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मोबाइलवरच्या रीलमध्ये पिस्तूल मिरवणाऱ्या तरुणांवर गुन्हे दाखल होतात, तेव्हा त्यांच्याकडे बहुतेक वेळा परवान्याचे शस्त्र नसतेच. असतो तो गावठी कट्टा. चोपड्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव अशा तपासांत वारंवार येते. या शस्त्राचा नेमबाजीशी काही संबंध नाही. त्याची नळी नेमाने आखलेली नसते, आणि ते झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

नेमबाजीचा रस्ता निराळा आहे आणि त्याची सुरुवात परवान्याशिवाय होते. .177 बोअरचे, 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेले हवेचे शस्त्र परवान्यातून वगळलेले आहे. ऑलिंपिकमधले दहा मीटर एअर पिस्तूल याच मर्यादेत बसते. त्याच्या रेंजला चाळीस-पन्नास फूट लांबीची बंदिस्त खोली, उजेड आणि छर्रे अडवणारी मागची भिंत एवढे पुरते. म्हणून शाळा आणि इमारतींच्या वरच्या मजल्यांवरसुद्धा अशा रेंज चालतात. मोठी रेंज मात्र बालेवाडीची. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरची सोय आहे. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांतली नेमबाजी तिथेच झाली. तळवड्याहून ती वीसेक किलोमीटरवर पडते.

एअर पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. नेमबाज लक्ष्याकडे कड करून उभा राहतो, रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतो आणि पिस्तूल लक्ष्याच्या वरपर्यंत उचलून सावकाश खाली आणतो. नजर काळ्या वर्तुळावर नाही, पुढच्या साइटवर. मागच्या खाचेत ती मधोमध बसावी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड राहावा. काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. नवशिक्याला हे पटायला महिने लागतात, कारण डोळा लक्ष्याकडे धावतो. चापावर किमान 500 ग्रॅमची ओढ असावी लागते. स्पर्धेआधी हे पिस्तूल वजन लटकवून तपासले जाते. दहाचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे. साइटची चूक मनगटातल्या केसभर तिरकेपणातून येते आणि दहा मीटरवर ती कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच छर्रा सुटल्यावरही क्षणभर हात तसाच धरून ठेवायचा असतो. छर्ऱ्याचे तोंड सपाट असते, कारण त्याने कागदाला फाडाफाड न होता स्वच्छ गोल भोक पडते. स्पर्धेत साठ शॉट आणि पंचाहत्तर मिनिटे. सरावाचा मोठा भाग छर्ऱ्याविनाच होतो: पांढऱ्या भिंतीसमोर नुसते उचलणे, धरणे, चाप दाबणे. चाकणच्या कारखान्यांत मायक्रोमीटर हाताळणाऱ्या टूलरूमच्या माणसाला यातले चूक-बरोबर लवकर कळते. धीर मात्र वेगळा कमवावा लागतो.

पुढची पायरी पंचवीस मीटरची. स्त्रियांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात .22 चे पिस्तूल असते, चापाची किमान ओढ 1000 ग्रॅम. तीस शॉट निवांत, तीस शॉट वेगाचे. वेगाच्या भागात लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद जाते आणि प्रत्येक वेळी हात खालून वर आणून एकच गोळी झाडायची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचे सुवर्ण मिळवले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला 34-34 अशा बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ खेळून सुवर्ण घेतले. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत संपवायच्या असतात. सेंटर फायर प्रकारात .32 ची पिस्तुले येतात, म्हणजे कपाटातल्या रिव्हॉल्व्हरच्याच काडतुसाची जात, पण सपाट तोंडाच्या गोळीची आणि मुठीपासून तोलापर्यंत मापून केलेल्या शस्त्रातली.

रेंजवर शिस्त शब्दांत चालते: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ ऐकल्यावर अर्धा दाबलेला चापही सोडायचा. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, बोट चापाच्या बाहेर, आणि शस्त्र टेबलावर ठेवताना त्यात रंगीत सुरक्षा-दोरी घातलेली. पेटी उघडून नवे पिस्तूल मित्राला दाखवण्याची हौस इथे चालत नाही. असे करणाऱ्याला रेंज अधिकारी बाहेर काढतो.

क्लबचे सभासदत्व, जिल्हा व राज्य स्पर्धा, मग विभागीय आणि राष्ट्रीय अशी चढण आहे. राज्यात महाराष्ट्र रायफल असोसिएशन, देशात 1951 साली स्थापन झालेली राष्ट्रीय रायफल असोसिएशन. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरवणारी ‘मावळंकर’ स्पर्धा त्यांच्याच नावाची. राष्ट्रीय संघटनेने ठरवलेला गुणांचा उंबरठा ओलांडणाऱ्याला ‘ख्यातनाम नेमबाज’ असा दर्जा मिळतो. त्याच्याबरोबर परदेशी शस्त्र आणि काडतुसे आयात करण्याची मुभा येते आणि दोन शस्त्रांची मर्यादाही सैल होते. महाराष्ट्राचा अलीकडचा मोठा विजय पिस्तुलाचा नाही, रायफलचा आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याने बालेवाडीच्या रेंजवरही सराव केला होता.

खर्चाचा हिशेब हौशीने आधीच करावा. चांगले परदेशी एअर पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते, म्हणून पहिले वर्ष अकादमीच्या शस्त्रावर काढणे शहाणपणाचे. परवान्याचे .32 रिव्हॉल्व्हर घेऊन नेमबाजी शिकता येईल, ही समजूत सोडून द्यावी. ते शस्त्र त्या कामासाठी बनलेले नाही आणि त्याला लागणारी काडतुसेही तेवढी मिळत नाहीत.

परवानाधारकाच्या जबाबदाऱ्या पुढे चालूच राहतात. निवडणुकीच्या काळात पोलिसांची छाननी समिती कोणाची शस्त्रे जमा करायची ते ठरवते. राष्ट्रीय संघटनेचे सभासद असलेले स्पर्धक खेळाडू यातून वगळले जातात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी द्यावा लागतो. धारकाचा मृत्यू झाल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मिळाला तरच ते परत मिळते, नाहीतर ते बाळगण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्याला विकता येते. ठरलेल्या मुदतीत काहीच न केल्यास ते सरकारजमा होते.