भटारखान्यातल्या माणसाची मुंबई

स्वयंपाकावर पोट असलेला माणूस दुसऱ्याच्या हॉटेलात शिरला, की आधी मेनूकार्डाची जाडी बघतो. शंभरेक पदार्थ दिसले, तर फ्रीजमध्ये किती दिवसांच्या ग्रेव्ह्या असतील याचा हिशेब त्याच्या मनात सुरू होतो. दहा-बारा पदार्थ आणि दारात रांग असेल, तर तो निर्धास्त खुर्ची ओढतो. मी मुंबईचाच, माझ्या आवडत्या जागा याच कसोटीवर ठरल्या. त्यांचा इतिहास धुंडाळताना दिसलं ते असं, की यांतल्या बऱ्याच जागा पोटापाण्यासाठी शहरात एकट्या आलेल्या माणसांच्या भुकेवर उभ्या राहिल्या. रोज तेच, ताजं आणि परवडेल असं अन्न हवं असणारं हे गिऱ्हाईक होतं.

माटुंगा ते दादर

माटुंगा स्टेशनालगत, पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ आहे. ते १९४२ साली सुरू झालं. नायक स्वतः लहानपणी मुंबईत येऊन स्वयंपाकघरात राबलेले. ‘बोर्डिंग’ या नावातच इथलं मूळ गिऱ्हाईक दिसतं: रोज जेवायला येणारा नोकरदार. भाज्या रोज बदलतात, पण सांबार, रसम, भात, ताक हा क्रम ठरलेला. कामाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. उद्या काय आणि किती लागेल हे आज माहीत असतं, त्यामुळे नासाडी कमी आणि दर आवाक्यात.

किंग्ज सर्कलचं ‘कॅफे मद्रास’ १९४० चं. तिथल्या डोशाचं गुपित खपात आहे. आंबवलेलं पीठ ठरावीक वेळच चांगलं राहतं, पुढे आंबट होतं. इथे पीठ तेवढं थांबतच नाही. तवाही सतत चालू असल्याने त्याचं तापमान टिकून राहतं. घरी पहिला डोसा चिकटतो आणि चौथा सुरेख निघतो, तो याच कारणाने.

दादरला ‘मामा काणे’ १९१० पासून आहे. तिथला बटाटेवडा खायचा आणि गोखले रोडवर ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा नि पियुष घ्यायचं, हा अनेक दादरकरांचा नेम. साबुदाणा वडा साधा वाटतो, पण भल्याभल्यांची परीक्षा घेतो. साबुदाणा जास्त भिजला तर वडा तेल पितो, कमी भिजला तर दाणे तडतडून बाहेर उडतात. दिवसभर तो एकसारखा उतरतो, याचा अर्थ भिजवणारा हात आणि तळणारा हात एकमेकांना ओळखतात.

ताडदेव आणि बॅलार्ड इस्टेट

ताडदेवचं ‘स्वाती स्नॅक्स’ १९६३ मध्ये मीनाक्षी झवेरी यांनी सुरू केलं. तिथली पानकी मी शिकाऊ पोरांना मुद्दाम खायला सांगतो. तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण केळीच्या पानावर पसरायचं, वर दुसरं पान ठेवून तव्यावर भाजायचं. भाजणं आणि वाफवणं एकाच वेळी होतं, आणि पानाचा वास हाच मसाला.

बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ १९२३ चं, कचेऱ्यांच्या वस्तीतलं. म्हणून भर दुपारच्या जेवणावर. तिथल्या पुलावावरची आंबट तांबडी फळं इराणहून येतात. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन यांनी इराणमधून आणलेली ही कृती. भात आणि मटणाचा जडपणा त्या आंबटपणाने बरोब्बर कापला जातो. बोमन वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, २०१९ मध्ये गेले. तोवर ते टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत.

पाटी नसलेल्या खानावळी

या शहराला सगळ्यात जास्त जेवू घातलं ते पाटी नसलेल्या जागांनी. गिरणगावात एकेका खोलीत गावाकडचे पाळी बदलून झोपणारे कामगार राहत आणि शेजारची एखादी बाई त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवण देई. पगार महिन्याला, वाण्याचं बिल मात्र आधी. त्यामुळे या बाया सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावी परतले आणि त्यांच्याबरोबर कित्येक चुली थंडावल्या.

अशाच एका गिरणीच्या जागेवर, लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात, २०१५ मध्ये ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झालं. त्यामागचे एक बल्लव फ्लॉइड कार्डोज वांद्र्यात वाढलेले. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेल्या या माणसाने २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ची अंतिम फेरी जिंकली, ती उपम्याच्या एका अवताराच्या जोरावर. मार्च २०२० मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. गिरणीच्या जमिनीवर कँटीन नावाचं महागडं हॉटेल, हा विरोधाभास मला खटकतो. पण उपमा, भाज्या, भाकरी यांनाही मोठ्या हॉटेलात मानाचं पान मिळू शकतं, हे त्यांनी दाखवलं. ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

भाड्याचं गणित

जुन्या खाद्यगृहांच्या स्वस्ताईचं श्रेय आपण मालकाच्या दिलदारपणाला देतो. त्यात कायद्याचाही वाटा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधली, आणि जुन्या इमारतींतल्या अनेक इराणी नि उडुपी हॉटेलांना त्याचा आधार मिळाला. आता इमारत पुनर्विकासाला गेली, की त्या दरात चहा विकणं शक्य राहत नाही. मुलं शिकून दुसऱ्या धंद्यात गेली, तर गल्ल्यावर बसायला माणूस नसतो. खोताच्या वाडीतला ‘अनंताश्रम’ बंद पडला, तेव्हा त्याच्या माशांच्या जेवणाची आठवण काढणारे भरपूर निघाले.

हळहळण्यापेक्षा आजच जेवायला जा. रविवारची गर्दी टाळा, कामाच्या दिवशी भर दुपारी गाठा. शेजारच्या टेबलावर जे आलंय तेच मागवा, जेवण झालं की जागा मोकळी करा, आणि पुढच्या खेपेला दर पाच-दहा रुपयांनी वाढलेला दिसला तर कुरकुर करू नका.