एजंटाच्या आधी हे पान घरात हवे

आखातात मजुरीला जाणाऱ्याच्या घरी सरकारी माहिती पोहोचलीच, तर ती इंग्रजीत किंवा जड शासकीय मराठीत. ‘उत्प्रवास अनुमती’ हे शब्द वाचून कोणत्या आईला काय कळणार? आम्ही वकील मंडळीही ते दोनदा वाचतो! म्हणून मोठ्या अक्षरांत, बोलीच्या मराठीत एकच पान छापा, असे आमचे म्हणणे आहे.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’चा शेरा असतो. सौदी, कतार, कुवेतला नोकरीवर जाण्याआधी त्याला सरकारची परवानगी काढावी लागते. ती टाळायला एजंट त्याला व्हिजिट व्हिसावर विमानात बसवतो. घात होतो तो इथेच. परवानगीबरोबर सक्तीने उतरवला जाणारा १० लाखांचा अपघाती विमा नाही, सरकारदरबारी करार नाही. पानावर सर्वांत वर हेच हवे, व्हिसाच्या नमुन्याच्या चित्रासह. त्याखाली नोंदणीकृत एजंटाला घेता येणारी कमाल रक्कम, ३० हजार रुपये व जीएसटी. पावतीशिवाय एक पैसा देऊ नये. कलमे खुशाल गाळा. १९८३ चा कायदा पाठ करून कुणाचा थकलेला पगार मिळत नाही.

मागची बाजू मात्र घरच्यांसाठी कोरी सोडा. मालकाचे नाव, पत्ता, पासपोर्ट क्रमांक तिथे लिहून ठेवता येतील. माणूस तिकडे अडकला की अर्ज घेऊन इकडे बायकोच फिरते, आणि तिच्याजवळ एजंटाच्या बंद मोबाईल नंबराखेरीज काही नसते.